शर्ट बसत नाही? दोष तुमच्या अंगाचा नाही!

सायखेड्यातून सकाळच्या एसटीने नाशिकला कॉलेजला निघालेल्या पोरांचे शर्ट एकदा नीट बघा. कुणाचा खांदा दंडावर उतरलाय, कुणाचं छातीवरचं बटण ताणलंय, कुणाची बाही मनगटाच्या वरच संपलीय. शर्ट नवे आहेत, ब्रँडेडही आहेत, पण बसत नाहीत. मग आपण काय म्हणतो? ‘आपली बॉडीच तशी नाही यार!’ थांबा मित्रांनो. यात बॉडीचा दोष फारच कमी आहे.

एम, एल, एक्सएल ही मापं ठरली कुणाच्या अंगावरून? अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, चीन या देशांनी आपापल्या लोकांची मापं घेऊन तक्ते बनवले. आपल्याकडे असा राष्ट्रीय तक्ताच नव्हता, म्हणून परदेशी तक्ते थोडेफार बदलून काम भागवलं गेलं. ही उणीव भरून काढायला केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या मदतीने ‘निफ्ट’ने ‘इंडियासाइज’ प्रकल्प हाती घेतला. 15 ते 65 वयोगटातल्या 25 हजार स्त्री-पुरुषांची थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायची, अशी ही योजना. त्यासाठी निवडलेली शहरं सहा: दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता आणि शिलाँग. दुकानदारांकडे 20 ते 40 टक्के माल परत येतो आणि त्याचं मोठं कारण फिटिंग आहे, असं या प्रकल्पाची गरज मांडताना सांगितलं गेलं. म्हणजे हा त्रास तुम्हा एकट्याचा नाही.

पण तक्ता आला तरी तो सरासरीचाच असणार. द्राक्षबागेत फवारणी करून आणि कांद्याच्या गोण्या उचलून ज्याचे खांदे भरलेत, पण कंबर बारीक आहे, त्याला खांद्यात बसणारा शर्ट पोटावर पिशवीसारखाच लोंबणार. त्यात लेबलचा घोळ वेगळा. फॉर्मल शर्टावरचा 40 हा आकडा बहुतेक वेळा कॉलरचा, तोही सेंटीमीटरमध्ये. कॅज्युअल शर्टावर तोच 40 अनेकदा छातीचा, इंचांमध्ये. नुसता आकडा बघून ऑर्डर टाकली की फसलात!

आता पैशांचं बघू. 22 सप्टेंबर 2025 पासून कपड्यांवरचा जीएसटी बदलला. आधी हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर 5 टक्के आणि त्यापुढे 12 टक्के कर होता. आता अडीच हजारांपर्यंत 5 टक्के आणि त्यापुढे 18 टक्के. सातशेचा शर्ट घेणाऱ्याला यात काहीच फरक पडला नाही. मात्र करापूर्वी 1500 रुपये किंमत असलेल्या शर्टावरचा कर 180 वरून 75 रुपयांवर आला. वाचले 105 रुपये. हे पैसे दुसऱ्या शर्टाकडे वळवण्यापेक्षा गावातल्या टेलरकडे वळवा, असं माझं म्हणणं आहे.

कारण फिटिंगची खरी चावी त्याच्याकडे आहे. रेडीमेड घेताना फक्त खांदा आणि कॉलर बघा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे आणि कॉलरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं जायला हवीत. या दोन जागा नंतर दुरुस्त करणं अवघड आणि महाग. बाजू दाबणं, बाही किंवा लांबी कमी करणं मात्र सोपं काम. शर्ट शिवूनच घेणार असाल तर सुती कापड आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटेल. आणि तुम्हाला सगळ्यात चांगला बसणारा शर्ट मापाला सोबत न्या. ‘फिट पाहिजे’ असं मोघम सांगण्यापेक्षा हे बरं.

टेलर लग्नसराईत तारखा पाळत नाहीत, जुनाच कट मारतात, ही तक्रार खोटी नाही. पण तरुण गिऱ्हाईकच आलं नाही, तर नवा कट तो शिकणार कुणासाठी? 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांमध्ये शिंपीकामही आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजाने कर्ज, असं तिचं स्वरूप. सरकार मशीन देऊ शकेल, गिऱ्हाईक मात्र आपल्यालाच व्हावं लागेल.

राहिला प्रश्न स्टाइलचा. ती रीलमधून उचलून आणता येत नाही. कपाट उघडा आणि जे दोन-तीन शर्ट तुम्ही पुन्हा पुन्हा घालता, ते बाहेर काढा. त्यांचा रंग, कॉलर, कापड यात काय सारखं आहे? तुमची स्टाइल तिथेच आहे, पुढची खरेदी त्याच धाग्याने करा. निफाडच्या उन्हात पॉलिस्टर चिकटत असेल तर ट्रेंड काहीही म्हणो, सुतीच घ्या.

प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूत तुमची भाषा, तुमचं गाव, तुमचे मार्क सगळं तपासलं जाईल. त्या खुर्चीत बसून दर दोन मिनिटांनी बाही खाली ओढायची वेळ येऊ नये, एवढी सोय तरी आधीच करून ठेवा. इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री टेलरचं दुकान बंद असतं!