किमोच्या आधी विचारायचा प्रश्न

कॅन्सर म्हटले की आपल्या वस्तीत पहिला प्रश्न असतो, पोरगं वाचेल का? दुसरा, पैसा कुठून आणायचा? तिसरा प्रश्न कोणी विचारीत नाही. उद्या हे पोरगं बरं झालं, लग्न केलं, तर त्याला मूल होईल काय? हा प्रश्न किमोची पहिली बाटली लागण्यापूर्वीच विचारावा लागतो.

झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारणे हे किमोचे काम. शुक्रजंतू तयार करणाऱ्या पेशीही त्यात सापडतात. मुलीच्या बीजांडकोशातला साठा तर जन्मापासूनचाच असतो, तो पुन्हा भरत नाही. सर्वांनाच वंध्यत्व येते असे नाही. औषध कोणते, डोस किती, वय काय, यावर ते ठरते. पण धोका आहे एवढे सांगायला पैसा लागतो काय? अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २००६ मध्येच डॉक्टरांना बजावले की, उपचारांपूर्वी रुग्णाशी याविषयी बोला.

वयात आलेल्या मुलासाठी उपाय सोपा आहे. वीर्याचा नमुना द्यायचा. द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर तो वर्षानुवर्षे टिकतो. एक-दोन दिवसांचे काम. मुलीला सुमारे दोन आठवडे इंजेक्शने घ्यावी लागतात, मग स्त्रीबीजे काढून गोठवतात. खर्च मोठा, आणि रक्ताच्या कॅन्सरमध्ये अनेकदा तेवढी सवडही नसते. ओटीपोटावर रेडिएशन द्यायचे असेल तर बीजांडकोश शस्त्रक्रियेने बाजूला सरकवून ठेवता येतो. ज्याच्या खिशात पैसा आहे तो हे विचारून घेतो. विदर्भ-मराठवाड्यातून येऊन परळच्या फुटपाथवर मुक्काम करणाऱ्या आईबापांनी कोणाला विचारायचे?

आणि गंमत पाहा! गरिबाला मूल होऊ नये यासाठी सरकारला पैसा कधी कमी पडला नाही. आणीबाणीत नसबंदीसाठी गोरगरिबांनाच ओढून नेले. आजही ती शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यात फुकट, वर अनुदान. पण आयुष्मान भारत योजनेतून प्रजननविषयक उपचार सरळ वगळलेले आहेत. म्हणजे किमो सरकार देणार, आणि किमोने जे जाईल ते राखून ठेवण्याचा खर्च रुग्णाने करायचा.

नोव्हेंबर १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. ते भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. ठराव फेटाळला गेला. नको असलेले बाळंतपण बाईवर लादले जाऊ नये, ही त्यामागची दृष्टी. त्याच न्यायाने, हवे असलेले मूल केवळ माहितीअभावी हिरावले जाणे आम्ही कसे मान्य करायचे?

आमचेच काही कार्यकर्ते म्हणतील, जीव वाचतोय तिथे मुलांचे काय घेऊन बसलात? हे बोलणे सोपे आहे. कॅन्सरमधून उठलेल्या मुलीला पुढे 'वांझ' म्हणून माहेरी पाठवले जाते, तेव्हा तिच्या बाजूने कोण उभे राहते? मूल नसले तरी संसार होतो, मूल दत्तकही घेता येते. पण ते तिने ठरवावे, तिला न विचारता ठरून जाऊ नये.

आमची मागणी मोठी नाही. पंचेचाळिशीच्या आतील प्रत्येक कॅन्सर रुग्णाच्या केसपेपरवर, 'मूल होण्याबाबतच्या धोक्याची माहिती दिली' असा एक रकाना असावा आणि त्याखाली डॉक्टरची सही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत वीर्य गोठवण्याची सोय मोफत करावी. २०२१ च्या कायद्याने कृत्रिम गर्भधारणेच्या सेवांसाठी वयाची किमान अट २१ ठेवली आहे. सतरा-अठरा वर्षांच्या कॅन्सर रुग्णाचे काय, हे शासनाने स्पष्ट शब्दांत सांगावे.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. ६ डिसेंबरला दादरला आपली वैद्यकीय मदतकेंद्रे लागतात. तेथे एक पानी पत्रक वाटता येईल. रुग्णाला घेऊन जाणाऱ्याने डॉक्टरला विचारायचे, 'साहेब, या औषधाने हिला पुढे मूल होण्यात अडचण येईल का? येणार असेल तर आज काय करता येईल?'