पक्षी दिले, पण रात्रीच्या निवाऱ्याचे काय?

परसातील कुक्कुटपालनाचा हिशेब बहुधा दिवसाच्या उजेडात मांडला जातो. किती पिल्ले वाटली, किती लसीकरण झाले, किती अंडी मिळाली याच्या नोंदी काळजीपूर्वक ठेवल्या जातात. नुकसानीचा मोठा भाग मात्र रात्री घडतो. नव्याने आणलेल्या तलंगा आणि कोवळे कोंबडे दिवसभर अंगणात रमतात आणि दिवेलागणीला खुराड्यात शिरण्याऐवजी शेवग्याच्या फांदीवर, गोठ्याच्या आढ्यावर किंवा सरपणाच्या ढिगावर जाऊन बसतात. मुंगसाची भीती दिवसाची. रात्री रानमांजर आणि उदमांजर फिरतात. सकाळी मोजताना एखादा पक्षी कमी भरतो आणि घरधनिणीच्या हाती दोन पिसे उरतात.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील ८५.१८ कोटी कुक्कुट पक्ष्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी परसात पाळलेले होते. आधीच्या गणनेच्या तुलनेत परसातील पक्ष्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराजा, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित वाणांनी या क्षेत्राला बळ दिले आहे. परंतु या वाणांसोबत एक प्रश्नही परसात आला असून त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पक्ष्याने रात्री कोठे झोपावे, हे त्याला शिकवणारे कोणी उरलेले नाही.

देशी पद्धतीत हे काम खुडूक कोंबडी करीत असे. अंधार पडू लागला की ती पिल्लांना हाक देत डालग्याकडे किंवा खुराड्याकडे नेई आणि पंखांखाली घेई. पिल्ले तिच्यामागून जात आणि जागा ओळखीची होई. सुधारित वाणांची पिल्ले उबवणी यंत्रात जन्मतात, दिव्याच्या उबेखाली वाढतात आणि चार ते सहा आठवड्यांची झाल्यावर अनोळखी अंगणात येतात. त्यांनी आई पाहिलेली नसते आणि अनेकदा बसण्याची दांडीही पाहिलेली नसते. वनराजासारख्या वाणाच्या माद्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यामुळे पुढच्या पिढीलाही ही शिकवण आपोआप मिळत नाही. अशा पक्ष्याला ‘बावळट’ म्हणणे अन्यायाचे आहे.

पक्ष्याचे वागणे समजून घेतले तर उपाय कठीण नाही. कोंबडीचा पूर्वज असलेला तांबडा रानकोंबडा झाडावर रात्र काढतो. उंच जागा शोधण्याची ओढ परसातील कोंबडीतही टिकून आहे. दिवसा तीक्ष्ण असलेली तिची नजर अंधुक प्रकाशात फारशी चालत नाही. संध्याकाळी खुराड्याच्या आत बाहेरच्या आधी अंधार होतो. दारातून आत पाहणाऱ्या पक्ष्याला काळी पोकळी दिसते, तर फांदीवर अजून उजेड असतो. म्हणून तो फांदी निवडतो. सूर्यास्ताच्या सुमारास काही मिनिटे खुराड्यात लहान दिवा ठेवला, तरी पुष्कळ पक्षी आपणहून आत येतात. सारे आत आले की दिवा काढून घ्यावा.

नव्या पक्ष्यांना पहिले पाच ते सात दिवस खुराड्यातच, शक्य असल्यास त्याला जोडलेल्या जाळीच्या आवारात, दाणापाण्यासह ठेवावे. त्यानंतर सुरुवातीला मावळतीपूर्वी तास-दीड तासच बाहेर सोडावे आणि संध्याकाळचा दाणा रोज एकाच हाकेसह खुराड्यातच टाकावा. जे बाहेर राहतील त्यांना काठीने हुसकावू नये, कारण घाबरलेला पक्षी खुराड्यालाच धोका समजू लागतो. पूर्ण अंधार पडल्यावर ते शांत असतात; तेव्हा हलक्या हाताने उचलून दांडीवर ठेवावे. हा क्रम आठ-दहा दिवस न चुकता पाळला तर बहुतेक पक्ष्यांना सवय लागते. पहिली दांडी जमिनीपासून फूटभर उंचीवर, चार-पाच सेंटिमीटर रुंद आणि कडा गुळगुळीत केलेली असावी. लहान वयात दांडीची ओळख झालेले पक्षी पुढे उंच जागा अधिक सहज वापरतात. फार कोवळी पिल्ले मात्र दांडीवर न बसता कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. त्यासाठी कोपरे गोलाकार करावेत आणि तळाशी कोरडा भुसा पसरावा. मोठ्या कोंबड्या दारातच नव्यांना टोचत असतील, तर काही दिवस दोन्ही गट जाळीच्या आडोशाने वेगळे ठेवणे हिताचे.

एवढे करूनही पक्षी आत जात नसतील, किंवा आधी जाणारे एकाएकी बाहेर झोपू लागले असतील, तर दोष पक्ष्यात शोधू नये; खुराडे तपासावे. पत्र्याचे छप्पर संध्याकाळीही तापलेले आहे का, ओल्या विष्ठेचा उग्र वास डोळ्यांना झोंबतो का, हे आधी पाहावे. त्यानंतर भिंतींच्या आणि लाकडाच्या फटी पाहाव्यात. कोंबड्यांचा तांबडा माइट हा पिकावरील लाल कोळीच्या दूरच्या नात्यातला, पण रक्तावर जगणारा जीव आहे. तो दिवसा फटीत लपतो आणि रात्री झोपलेल्या पक्ष्यावर चढतो. उबदार हवेत त्याची अंड्यापासून प्रौढापर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. कोंबड्यांची मऊ गोचीडही तशीच निशाचर आहे. प्रौढ गोचीड तासाभराच्या आत रक्त पिऊन फटीत परतते, वर्षाहून अधिक काळ उपाशी राहू शकते आणि स्पायरोकीटोसिस हा घातक रोग पसरवते. दिवसा पाहणी करणाऱ्याला यांपैकी काहीच न दिसण्याची शक्यता मोठी. अंधार पडल्यावर दोन तासांनी विजेरी घेऊन दांडीच्या खालच्या बाजूवर पांढरा कागद घासावा. रक्ताच्या तांबड्या रेघा उमटल्या तर रात्री बाहेर राहणारा पक्षी शहाणा ठरतो.

येथे एक धोका स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. फटीत किडे दिसताच पिकासाठी आणलेले कीटकनाशक खुराड्यात फवारण्याचा मोह होतो. २०१७ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये याच तांबड्या माइटविरुद्ध फिप्रोनिलचा बेकायदा वापर झाल्याचे उघड झाले आणि लाखो अंडी बाजारातून मागे घ्यावी लागली. तेच फिप्रोनिल आपल्याकडे भात आणि ऊस उत्पादकांच्या घरी सहज सापडते. परसातील अंडे तर प्रथम घरातल्या मुलांच्या ताटात जाते. पक्षी बाहेर काढून खुराडे झाडणे, फटी मातीने किंवा चुन्याच्या गिलाव्याने बुजवणे, भिंतींना चुना लावणे, दांड्या काढून त्यांवर उकळते पाणी ओतणे आणि त्या कडक उन्हात वाळवणे, हे उपाय दर आठवड्याला काही वेळा सलग करावेत. औषधाची गरज भासल्यास ते पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच वापरावे.

देशी कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या झाडावर झोपल्याच ना, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. पण हलक्या अंगाच्या, चपळ देशी पक्ष्यात आणि वजनदार सुधारित पक्ष्यात फरक आहे. शिवाय झाडावर झोपणाऱ्या कोंबडीची अंडी बहुधा झुडपातच हरवतात. ज्या कुटुंबाकडे दहा-पंधराच पक्षी आहेत, त्याला एकेका पक्ष्याची किंमत मोजावी लागते.

म्हणून वाटप योजनांमध्ये दोन बदल व्हावेत. पक्षी पोहोचण्याआधी खुराडे तयार आहे, त्यात दांडी आहे आणि फटी बुजलेल्या आहेत, याची खातरजमा व्हावी. आणि विस्तार कार्यकर्त्याची पहिल्या पंधरवड्यातील किमान एक भेट दिवेलागणीला व्हावी. त्या वेळी चूल आणि पक्षी दोन्ही सांभाळणारी स्त्री घरीच असते आणि पक्षी कोठे निघाले आहेत हेही समोर दिसते. वाटलेल्या पिल्लांच्या संख्येशेजारी महिनाभराने खुराड्यात झोपणाऱ्या पक्ष्यांची संख्या लिहिली गेली, तर योजनेचे खरे यश कागदावर येईल.