माळीणला हार पुरे, आता डोंगराचा हिशेब द्या!



2024 च्या 30 जुलैला माळीणला 10 वर्षे झाली. 2014 साली त्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं हे गाव डोंगराखाली गाडलं गेलं. 151 माणसं मेली. बहुतेक आपलीच, महादेव कोळी. गाव गेल्याचं सरकारला ठाऊक नव्हतं. एसटीच्या ड्रायव्हरला रोजच्या जागी गाव दिसेना, तेव्हा बाहेर कळलं.

दरवर्षी तिथं नातेवाईक जमतात, रडतात. त्यांच्या दुःखापुढे आम्ही हात जोडतो. पण हार घेऊन येणारे पुढारी "निसर्गाचा कोप" म्हणून निघून जातात, ते आम्हाला मान्य नाही. पाऊस तर आमच्या आज्या-पणज्यांच्या काळातही कोसळत होता. मग डोंगर आत्ताच का उतरतात?

पडकई म्हणजे उतारावर भाताची खाचरं करायचं काम. आपली माणसं ते हातानं, एकमेकांच्या मदतीनं करत आली. पुढं योजना आली आणि उतारावर जेसीबी चढले. माळीणच्या वर यंत्रं चालली होती, हे तेव्हाच लोकांनी सांगितलं. सरकारनं बोट दाखवलं पावसाकडे. नवं माळीण आमडे इथं बांधलं, 2017 च्या एप्रिलात उद्घाटन झालं, आणि पहिल्याच पावसात भराव खचला, भेगा पडल्या. तो पण निसर्गाचाच कोप का?

2023 साली 19 जुलैच्या रात्री रायगडमधली इर्शाळवाडी गेली. ठाकर समाजाची वाडी. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं बेपत्ता म्हणून शोध थांबवला. धोक्याच्या यादीत वाडीचं नावच नव्हतं, हे सरकारच सांगतं. म्हणजे आपण मेलो की यादीत येतो.

आता आपल्या नाशिककडे बघा. शहराला खडी पाहिजे, रस्त्याला मुरूम पाहिजे, बंगल्याला डोंगराचा देखावा पाहिजे. 2021 साली ब्रह्मगिरीच्या पायथ्याला, सुपलीच्या मेटेजवळ डोंगर फोडायला यंत्रं लागली. लोक ओरडले तेव्हा थांबली. लोक गप्प बसले असते तर? सुरुंग लावणारा संध्याकाळी शहरात जातो, डोंगराखाली झोपायचं आपल्याला.

वर आम्हालाच सांगतात, तुम्ही जंगल तोडता, तुमचं अतिक्रमण आहे. दाव्याची फाईल वर्षानुवर्षे पडून राहते, खाणवाल्याची मात्र पळते. दळीच्या तुकड्यावर नाचणी-वरई पेरली की डोंगर खराब होतो, आणि डंपरनं नेला की विकास होतो. हा कुठला न्याय?

कायदा आपल्या बाजूला आहे, तो वापरायला पाहिजे. 1996 चा पेसा सांगतो, अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेच्या किंवा पंचायतीच्या शिफारशीशिवाय गौण खनिजाचा परवाना देता येत नाही. खडी, मुरूम त्यातच येतात. 2006 च्या वनहक्क कायद्यानं जंगल, पाणी, डोंगर राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला. ओडिशात नियमगिरीवर 2013 साली 12 ग्रामसभा बसल्या, बाराही "नाही" म्हणाल्या, आणि एवढ्या मोठ्या वेदांता कंपनीची खाण अडली. त्या डोंगरावरचे लोक आपल्यासारखेच होते.

म्हणून 30 जुलैला नुसती मेणबत्ती लावू नका. आवणीचे दिवस आहेत, कळतं. पण संध्याकाळी चिखलाच्या पायानं का होईना, पाड्यावर जमा. बाया पुढं बसोत, कारण पाण्याला आणि सरपणाला त्याच डोंगर चढतात. 151 माणसांसाठी दोन मिनिटं उभे राहा. मग ठराव लिहा:

1. आमच्या हद्दीत ग्रामसभेला विचारल्याशिवाय खाण, क्रशर, सुरुंग, उतारावर जेसीबी चालणार नाही.
2. डोंगराला भेग, नवा झरा, वाकलेलं झाड दिसलं की तलाठ्याला लेखी कळवू, पोच घेऊ.
3. धोका असेल तर पुनर्वसन आमच्या पसंतीच्या जागेवर, वनहक्काचा दावा जिवंत ठेवून.

सह्या, अंगठे घ्या. एक प्रत तहसीलला, एक आपल्याजवळ ठेवा. ठरावाला पोच नाही तर ठराव नाही, हे विसरू नका.

मेलेल्यांना फुलं वाहायला सगळे येतात. जितेपणी डोंगर राखायला आपल्यालाच उभं राहावं लागेल.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची!