कवळी टिकली, तरच भाकरी

विवळवेढे येथील महालक्ष्मीच्या यात्रेला दर चैत्रात डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांतून माणसे येतात. त्यांत बोळक्या तोंडाचे आजी-आजोबाही असतात. कवळी मिळाली, तर अशा वृद्धांना नागलीची भाकरी पुन्हा चावता येते. ती मोडली, की परत पेजेवर दिवस काढायचे. म्हणूनच कवळी कशाची बनवली, हा प्रश्न एकट्या दंतवैद्याचा नाही.

नेहमीची कवळी ॲक्रेलिकची असते. १९३०च्या दशकात दंतवैद्यकात आलेले हे प्लास्टिक स्वस्त, हलके आणि दुरुस्तीला सोपे. पण घट्ट होताना ते किंचित आकसते आणि टाळूपाशी बारीक फट राहू शकते. चावताना सतत वाकून वरची कवळी कधीतरी मधोमध चिरते. धुताना हातातून निसटली, तरी तुटते.

टाळूचा भाग कोबाल्ट-क्रोमियम धातूत ओतला, तर तो बराच पातळ ठेवूनही मजबूत राहतो. तो सहसा वाकत नाही, टाळूला नेमका बसतो आणि जिभेला जागा देतो. धातूतून उष्णता पोहोचत असल्याने घासाचा ऊन-गारपणाही कळतो.

अर्थात, धातूची कवळी महाग पडते आणि ओतकामाची सोय असलेली प्रयोगशाळा लागते. शिवाय दात काढल्यावर पहिले काही महिने जबड्याचे हाड वेगाने झिजते. त्यामुळे हिरड्या स्थिरावल्यावरच ती करावी. हिरड्यांवर टेकणारा भाग ॲक्रेलिकचा ठेवला, तर पुढे सैल झाल्यास नवे अस्तर देता येते. मुळात चावाच चुकला असेल, तर केवळ धातूने काम भागणार नाही.

राष्ट्रीय वयोश्री योजनेत २०१७पासून दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना द्यायच्या साधनांत कवळीचा समावेश आहे, हे चांगलेच. पण किती कवळ्या वाटल्या, यावर यश ठरू नये. वर्षभराने किती तोंडात आहेत आणि किती डब्यात पडून आहेत, हे मोजावे. ज्यांची कवळी वारंवार तुटते, त्यांच्यासाठी धातूच्या कवळीची तरतूद हवी आणि दुरुस्तीची सोय तालुक्यातच हवी. पाड्यावरच्या आजीला दुरुस्तीसाठी शहर गाठायचे, तर सोबत जाणाऱ्या मुलाची मजुरी बुडते. तो हिशेब धरला, तर स्वस्त कवळी नेहमीच स्वस्त पडते असे नाही.