रुपये शून्य फक्त

गेली बावीस वर्षं मी बँकेच्या खिडकीत बसून लोकांचे कागद परत करतो आहे. नेमणूकपत्रात माझ्या पदाचं नाव वेगळं आहे, पण गावात माझी ओळख हीच. ‘ते हो, ते चष्मेवाले, स्लिप परत करणारे!’ लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी गृहस्थ माझ्याकडे बराच वेळ रोखून पाहतो आणि जिलबी वाढणारा पुढे सरकला की म्हणतो, “तुम्ही माझा चेक परत केला होता.” चेक बारा वर्षांपूर्वीचा असतो. जिलबी माझ्या घशात अडकते. त्याची मात्र सुखाने खाली उतरते.

लोकांना वाटतं, परत करणं सोपं. ‘सही जुळत नाही’ म्हणायचं आणि चहाला जायचं! छे हो! परत करणं ही एक विद्या आहे. अक्षरी ‘पाच हजार’ आणि आकडी ‘५०,०००’ असेल तर चेक परत करावा, हे शेंबडं पोरही सांगेल. (१८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं अठरावं कलम म्हणतं की अशा वेळी अक्षरी रक्कम खरी धरावी. पण बँका कायद्यापेक्षाही भित्र्या. त्या सहसा परतच पाठवतात.) खरी परीक्षा वेगळीच असते. पेन्शनीतल्या आजोबांचा हात दरवर्षी थोडा जास्त थरथरतो, सही दरवर्षी थोडी जास्त वाकडी होते. अशा वेळी काय परत करायचं नाही, हे कळायला खिडकीत दहा वर्षं बसावं लागतं.

हे आत्मचरित्र उगाळण्याचं कारण असं, की हल्ली माझ्या धंद्यात एक प्रतिस्पर्धी शिरला आहे. त्याचं नाव ऑनलाइन फॉर्म. तो रजेवर जात नाही, चहा पीत नाही, पंगतीत कुणाला सापडत नाही. माझं त्याच्याशी भांडण आहे, आणि ते पोटापाण्याचं नाही. भांडण एवढंच, की त्याला ही विद्या येत नाही. जे घ्यायचं ते तो परत करतो, आणि जे परत करायचं ते मुकाट्याने गिळतो.

झालं असं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा म्हणून एका संध्याकाळी ती आमच्या घरी आली. बँकेतल्या माणसाला सगळे फॉर्म भरता येतात, असा एक गोड गैरसमज समाजात आहे. मी तो आजवर जपला आहे. सौ.ने चहा ठेवला, मी चष्मा पुसला आणि आम्ही लॅपटॉपसमोर बसलो. नाव, पत्ता, मार्क, सगळं सुरळीत. मग रकाना आला : ‘वडिलांचे वार्षिक उत्पन्न’.

तिचे वडील चार वर्षांपूर्वी गेले. तिने शांतपणे शून्य टाकलं.

लाल अक्षरं उमटली : ‘हा रकाना भरणे आवश्यक आहे.’

“काका, भरलाय की!” ती म्हणाली. मी पुन्हा शून्य टाकलं, जरा जोर देऊन. बँकेत जुना शिक्का उमटत नसला की आम्ही असंच करतो. पुन्हा लाल अक्षरं. मग ‘निरंक’ लिहिलं, तर ‘केवळ अंक लिहा’ म्हणाला. अंक लिहिला तर रकाना भरा म्हणतो, रकाना भरला तर अंक लिहा म्हणतो! माझ्या खिडकीत मी असं वागलो असतो तर एव्हाना काच फुटली असती.

शेवटी पोरीनेच तोड काढली. “काका, एक टाकू?” एक टाकला. फॉर्म खूश होऊन पुढे सरकला. वर वडील हयात नाहीत असं लिहिलेलं, खाली त्यांचं उत्पन्न वर्षाला एक रुपया, आणि त्याच्याही खाली चौकोन : ‘वरील सर्व माहिती सत्य असल्याचे मी प्रतिज्ञापूर्वक सांगते.’ तिने त्या चौकोनात टिक केली. पोरीच्या आयुष्यातली ती पहिली प्रतिज्ञा. आणि ती खोटी. साक्षीदार, बँकेतले काका.

तीन आठवड्यांनी अर्ज ‘त्रुटी’ म्हणून परत आला. तहसीलदारांच्या दाखल्यातलं उत्पन्न आणि फॉर्ममधलं उत्पन्न यांत एक रुपयाचा फरक! मावशींचे दोन दिवसांचे खाडे झाले, दोन घरांत बोलणी बसली, तेव्हा कुठे मुदतीच्या आदल्या दिवशी प्रकरण मिटलं. खरं बोलली तेव्हा फॉर्मने हाकललं, आणि खोटं बोलली तेव्हा दप्तराने पकडलं. मुलीने करायचं काय?

हे सगळं मी आमच्या भाच्याला ऐकवलं. तो पुण्यात ‘बॅकएंड डेव्हलपर’ आहे. आमची ताई लोकांना सांगते, ‘तो मागचं बघतो.’ तो म्हणाला, “मामा, तुला समोर दिसतात ते रकाने, बटणं, लाल अक्षरं, ते फ्रंटएंड. आत सर्व्हरवर जे चालतं ते बॅकएंड. तू भरलेली माहिती आत येते, तिथला प्रोग्रॅम ती तपासतो आणि मग साठवतो.”

“म्हणजे हॉलमधलं स्लिपांचं टेबल आणि सुतळीला बांधलेलं पेन हे फ्रंटएंड, आणि काचेमागचा मी बॅकएंड.”

“अगदी तसंच. आणि तुझ्या शून्याचं काय झालं असेल तेही पैजेवर सांगतो.” त्याने लॅपटॉप उघडला. “पीएचपी नावाची भाषा आहे, १९९५ पासूनची. तिच्यात ‘एम्प्टी’ नावाचं एक तयार हत्यार मिळतं. रकाना रिकामा आहे का, असं त्याला विचारायचं. आता बघ.” त्याने शून्य दिलं. उत्तर आलं, हो, रिकामा आहे.

मी चाट पडलो. ज्या देशाने शून्याची एवढी थोरवी गायली, त्या देशातल्या पोरीचं शून्य रिकामं?

“थांब, गंमत पुढेच आहे,” म्हणून त्याने दोन शून्यं दिली. उत्तर : रिकामा नाही! म्हणजे एक शून्य म्हणजे काहीच नाही, आणि दोन शून्यं म्हणजे काहीतरी. बी.कॉम.ला मी अकाउंट्स शिकलो, पण हे गणित आमच्या प्राध्यापकांनाही झेपलं नसतं.

“मग ती भाषाच चुकीची म्हणायची!”

“नाही रे. शून्यालाही ‘रिकामं’ म्हणणार, हे तिच्या माहितीपुस्तकात स्पष्ट लिहिलंय. लोक नुसतं नाव वाचतात आणि वापरून मोकळे होतात. पायथनमध्येही आकडा शून्य असला की ‘नसल्यासारखा’ धरला जातो, तिथेही माणसं अशीच घसरतात.”

वाचकहो, इथे मला बँकवाला म्हणून दोन शब्द बोलू द्या. खात्यात शून्य असणं वेगळं आणि खातंच नसणं वेगळं. २०१४ साली जनधन योजना आली तेव्हा आमच्या खिडकीपुढे जी रांग लागली, तिच्यातल्या कितीतरी लोकांच्या खात्यात काही नव्हतं. पण खातं होतं, नंबर होता, पासबुक होतं. शून्य हे उत्तर आहे. कोरी जागा म्हणजे उत्तर न देणं. ज्याला या दोहोंतला फरक कळत नाही त्याने दुसऱ्याचे रकाने तपासू नयेत, आणि त्याला खिडकीत तर मुळीच बसवू नये.

भाचा जरा वरमला. पण तरुण रक्त! म्हणाला, “मामा, खरं सांगू? आम्ही बहुतेक तपासणी फ्रंटएंडलाच उरकतो. मागे पुन्हा तेच कशाला?”

म्हटलं, “बाळा, स्लिपांच्या टेबलाजवळ शिपाई उभा असतो. ‘तारीख घाला, सही करा’ सांगतो. ती त्याची माणुसकी. पण म्हणून मी काचेमागे डोळे मिटून पैसे मोजू का? एखादा घरूनच स्लिप लिहून आणतो, शिपायाकडे न बघता थेट खिडकीशी येतो.” भाच्याने कबूल केलं, की फॉर्म न उघडताही सर्व्हरकडे परस्पर माहिती पाठवता येते, जाणकाराला पाच मिनिटांचं काम. म्हणजे समोरची तपासणी ही सोय, आणि मागची तपासणी हा कायदा.

पटत नसेल तर तोक्योला विचारा. ८ डिसेंबर २००५. मिझुहो सिक्युरिटीज या दलाल कंपनीला जे-कॉम नावाच्या कंपनीचा एक शेअर ६,१०,००० येनला विकायचा होता. माणसाने आकडे उलटे टाकले : ६,१०,००० शेअर, प्रत्येकी एक येन. पडद्यावर सूचना आली, ती दुर्लक्षिली गेली. हे झालं टेबलाजवळच्या शिपायाचं. पण आतल्या खिडकीचं काय? त्या कंपनीचे एकूण शेअरच १४,५०० होते. जगात अस्तित्वात आहेत त्याच्या चाळीसपटीहून जास्त शेअर विकायला आले आणि एक्स्चेंजच्या यंत्रणेने ते घेतले! ऑर्डर रद्द करायला धावले, तर यंत्रणेतल्या दोषामुळे तीही रद्द होईना. सुमारे ४० अब्ज येनचा फटका बसला आणि एक्स्चेंजच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. आमच्या शाखेत एखाद्याने बागेतल्या झाडांपेक्षा जास्त आंबे विकायला काढले, तर हेड कॅशियर निदान चष्मा तरी वर करतील.

आता भाच्याला चेव चढला होता. “मामा, नावांची गंमत बघायचीय?” ‘नावात फक्त अक्षरं चालतील’ असा नियम त्याने लिहून दाखवला. युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं नव्हेत, ती नुसती चिन्हं. परिणाम असा, की मदन आत गेला, कमल आत गेली, आणि गोविंद आणि सुशीला दाराबाहेर. लांबी मोजायचं नेहमीचं हत्यार अक्षरं मोजतच नाही, बाइट मोजतं. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, म्हणून तीन अक्षरी मदनची लांबी नऊ भरली. ज्या आईबापांनी बारशाला एवढा खर्च केला, त्यांनी आता नाव ठेवताना काना-मात्रा टाळायच्या का?

आणि हाच सोवळा प्रोग्रॅम ३० फेब्रुवारी ही तारीख बिनतक्रार घेतो! तारीख वाचणारं एक हत्यार असं आहे, की ते चूक दाखवत नाही, पुढे मोजत जातं, आणि साध्या वर्षी २ मार्च, लीप वर्षी १ मार्च करून ठेवतं. ‘चेकडेट’ म्हणून तपासणारं हत्यार त्याच भाषेत पडलेलं आहे, पण त्याला कुणी हाक मारायला हवी ना! गिऱ्हाइकाच्या चेकवरची तारीख मी माझ्या हाताने अशी सुधारली असती, तर आज हा लेख मी निलंबनाच्या काळात लिहीत असतो.

“मग काय, काहीच तपासू नये?” भाच्याने विचारलं.

तपासावं की! आधार क्रमांकाचंच बघा. बारा आकड्यांतला शेवटचा आकडा तपासणीचा. व्हरहोफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडलेल्या रीतीने तो काढतात. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, की लगेच कळतं. याला म्हणावं तपासणी. जे यंत्राला खात्रीने कळतं ते त्याने काटेकोर तपासावं. जे कळूच शकत नाही, म्हणजे माणसाचं नाव कसं असावं, वडिलांचं उत्पन्न किती असावं, तिथे त्याने अदबीने लिहून घ्यावं आणि शंका आलीच तर माणसाला विचारावं. चूक असेल तर नेमकी काय ते सांगावं. ‘त्रुटी’ म्हणून मोकळं होऊ नये. आपल्या मनाने दुरुस्त तर कधीच करू नये. आणि खरं बोलणाऱ्याला परत पाठवण्याआधी स्वतःचा नियम एकदा तपासावा.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, “मामा, एका पतसंस्थेसाठी मी कर्जाचा फॉर्म केलाय. ‘सध्याचं इतर कर्ज’ असा रकाना आहे. तिथेही मी ‘एम्प्टी’च लावलंय.”

म्हणजे ज्याच्यावर एका पैचं कर्ज नाही, नेमका तोच माणूस दाराबाहेर! पतसंस्था डबघाईला आणायची याहून सोपी युक्ती माझ्या ऐकिवात नाही. भाच्याने तिथल्या तिथे ओळ बदलली : रकाना आलाच नाही किंवा कोरा आला, तरच परत पाठव. एका ओळीचं काम होतं.

परवा मावशींची मुलगी खिडकीशी आली. शिष्यवृत्तीसाठी नवं खातं. पासबुक मशीनमध्ये घातलं. आमचं मशीन जुनं, त्याची घरघर ऐकून गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकतं. पण पहिल्या ओळीत त्याने ठसठशीत छापलं : शिल्लक ०.००.

पोरीने ते बघितलं आणि हसली. “काका, यांनी घेतलं शून्य!”

मी पासबुकावर शिक्का मारला. या वेळी तो पहिल्याच फटक्यात उमटला.