खाटेबाहेरचा रोगी

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. शहरांत हे प्रमाण शेकडा १६.४, तर खेड्यांत शेकडा ८.९. तेव्हा मधुमेह हा गादीवर बसून खाणाऱ्यांचा रोग होय, ही समजूत आता कोणी बाळगू नये. परमपूज्य बाबासाहेबांच्या देहास अखेरच्या वर्षांत याच व्याधीने पोखरले होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

सरकारने काहीच केले नाही, असा आमचा आरोप नाही. २०१० साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आशा सेविका घरोघरी जाऊन तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांचे पत्रक भरतात. तंबाखू, कमरेचा घेर, आईबापांचा रोग, सर्व काही विचारतात. २०२१ पासून प्रत्येकास चौदा अंकी आरोग्य क्रमांक देण्याची मोहीम चालू आहे. मोजदाद जोरात आहे. परंतु मोजून झाल्यावर त्या माणसाचे पुढे काय?

आमच्या मते येथेच या धोरणाचे मूळ वैगुण्य आहे. मधुमेह हा खाटेवर पडून बरा होणारा रोग नव्हे. तो जन्मभर दवाखान्याच्या दारात उभे राहून, रोजची गोळी घेऊन आवरावयाचा रोग आहे. उलट आपली सारी व्यवस्था खाटेवरच्या रोग्याकडे पाहते. २०१८ साली आलेली पाच लक्ष रुपयांची विमा योजना रुग्णालयात दाखल झालेल्यासाठी आहे. पाय कापण्याचा खर्च तीतून मिळेल. पाय वाचविणाऱ्या रोजच्या गोळीची हमी ती देत नाही. सरकारी केंद्रात गोळ्या फुकट मिळावयाच्या, हे खरे. पण त्या संपल्या तर रोग्यास हक्काने न्यायालयात मागता येतील, असा केंद्राचा कायदा नाही. राजस्थानने २०२३ साली आरोग्याच्या हक्काचा कायदा केला, केंद्राने केला नाही. घटनेचे ४७ वे कलम सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य मानते. मात्र ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने २१ व्या कलमाखाली सरकारला जबाबदार धरले ते रेल्वेतून पडलेल्या व खाट न मिळालेल्या शेतमजुराच्या प्रकरणात. तेथेही प्रश्न खाटेचाच!

आता माहितीविषयी. काही काळापूर्वी एक सफाई कामगार भगिनी आमच्याकडे आल्या. कामाच्या जागी साखर तपासणीचे शिबिर झाले, नावांची यादी ठेकेदाराच्या हाती पडली आणि दोन महिन्यांनी हजेरीपटावरून त्यांचे नाव गळाले. ठेकेदार म्हणे, काम कमी झाले. यादीतील आणखी तिघींचेच काम तेवढे कसे कमी झाले, हे विचारणारा कोणी नव्हता. पुरावा कोठून आणावा? त्या बाईंनी मला विचारले, "साहेब, रगत माझं, मग कागद त्याच्याकडं कसा?" या प्रश्नाला माझ्याजवळ समाधानकारक उत्तर नव्हते.

२०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला; तो टप्प्याटप्प्याने अंमलात येत आहे. माहिती फुटल्यास अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे. तथापि तो दंड जमा होणार सरकारी तिजोरीत. ज्याची अब्रू वा रोजी गेली त्यास त्यातून एक पैसाही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात नुकसानभरपाईचे जे ४३-अ कलम होते, तेही या कायद्याने वगळावयाचे ठरविले आहे. शिवाय खोटी वा क्षुल्लक तक्रार केल्याबद्दल तक्रारदारालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. दहा हजार म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाची किती दिवसांची कमाई, हे कायदा करणाऱ्यांनी मोजले होते काय?

नोंदी नकोत, असे आम्ही म्हणत नाही. नोंद नसेल तर दर दवाखान्यात तपासणी पुन्हा पहिल्यापासून होते आणि त्यात एकेक दिवसाची मजुरी बुडते. नोंद हवीच, परंतु ती रोग्याच्या हाती हवी. क्रमांक घेणे ऐच्छिक आहे, हे दवाखान्याच्या खिडकीवर मराठीत लिहिलेले हवे, औषध संपल्यास दाद मागण्याची मुदतबंद सोय हवी आणि माहिती फुटली तर भरपाई थेट त्या माणसास मिळाली पाहिजे.

तोवर आमच्या बंधुभगिनींनी एक करावे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रोग्याने मागणी केल्यास त्याचे कागद ७२ तासांत द्यावे लागतात. मात्र तीन वर्षे कागद जपण्याचे बंधन दाखल झालेल्या रोग्यांपुरतेच आहे. म्हणून दारातल्या रोग्याने थांबू नये. तपासणी होताच त्याच दिवशी लेखी अर्ज करून प्रत मागावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.