थंडीचाही वर्ग घ्या

वॉटरजेट मागावर बाणा पाण्याच्या धारेनं फेकला जातो. धोट्याचं काम पाणी करतं. सुरतेत असे माग गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्यावर पॉलिएस्टर, नायलॉन विणतात. सूत तिथं चालत नाही, कारण सूत पाणी पितं. पॉलिएस्टर पीत नाही. गेली 31 वर्षं मी ग्रे कापडाची दलाली करतो आणि ही गोष्ट किती नव्या पोरांना समजावून सांगितली असेल, त्याची मोजदाद नाही. तरीही 2023 च्या ऑगस्टमध्ये लेक शिकायला कॅनडात विनिपेगला निघाली, तेव्हा तिच्या बॅगेत मी सहा जाड सुती बनियन आणि चार जोड सुती मोजे भरले. आम्ही मूळचे अमळनेरकडचे. अंगालगत सूतच हवं, हे आमच्या घरात आजीपासून चालत आलेलं.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी ती कॉलेजातून निघून बससाठी पळाली. जाड कोटाच्या आत घाम फुटला आणि तो सगळा त्या सुती बनियननं पिऊन घेतला. बस चुकली. पुढची बस वीस मिनिटांनी होती, पारा उणे 25 वर आणि वर वारा. पाचव्या मिनिटाला पाठीला ओला कपडा गुंडाळल्यागत वाटायला लागलं, असं ती सांगते. बसची वेळ बघायला तिनं हातमोजा काढला, तेवढ्यात फोन बंद पडला. गारठ्यात बॅटरी अशीच बसते, हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. टोपी कानाच्या वर सरकलेली. कान आधी ठणकला, मग ठणकायचा थांबला. ठणका गेला म्हणून तिला बरं वाटलं. खरा धोका तिथूनच सुरू होतो. पलीकडच्या किराणा दुकानातल्या बाईनं काचेतून तिच्या कानाची पाळी पांढरी पडलेली पाहिली, बाहेर येऊन हाताला धरून आत नेलं आणि स्वतःचा उबदार तळवा तिच्या कानावर ठेवून बसली. चोळला नाही. चोळलं तर गोठलेली कातडी फाटते. पाळी वाचली. आजही गार वारा लागला की ती जागा चुरचुरते.

या प्रकाराआधी आम्ही काय काय केलं होतं, ते ऐका. आयईएलटीएसचा क्लास तीन महिने. कर्जाची कागदपत्रं. मुलाखतीची तालीम. ज्या कन्सल्टंटकडे गेलो, त्यानं बॅगेत काय भरावं याची छापील यादी दिली होती. तिच्यात कुकर होता, हळद-तिखट होतं, चष्म्याची जादा जोडी होती. थंडीबद्दल एकच ओळ: जॅकेट तिथं जाऊन घ्यावं. लाखो रुपये मोजून आपण लेकराला ज्या हवेत पाठवतो, त्या हवेवर एक ओळ.

आपल्याला थंडी म्हणजे काय ते माहीत आहे, अशी आपली समजूत असते. सुरतेत जानेवारीत पारा 14-15 वर आला की स्वेटर निघतात. खानदेशात तर तो एक आकडी होतो. तिथल्या शेतकऱ्याला विचारा, थंडीचं शास्त्र तो तोंडपाठ सांगेल. पारा 10 च्या खाली गेला की केळीची वाढ खुंटते, म्हणून रावेर-यावलकडे रात्री बागेत ओला पालापाचोळा पेटवून धूर करतात, पहाटे पाणी देतात. केळीच्या घडासाठी आपण रात्र जागवतो. पोटच्या पोरांना मात्र उणे 30 मध्ये यादीतल्या एका ओळीवर सोडतो.

तिथली थंडी आपल्या थंडीची मोठी बहीण नव्हे. तिचे कायदे निराळे. अंगाभोवती आपल्याच उबेचा हवेचा एक पातळ थर असतो, वारा तो उडवून नेतो. उणे 25 ला ताशी 30 किलोमीटरचा वारा सुटला की उघड्या कातडीला ते उणे 39 सारखं लागतं. त्याला तिकडे विंड चिल म्हणतात आणि रोजच्या बातम्यांत तो आकडा सांगतात. उणे 40 च्या पुढे उघडी कातडी पाच-दहा मिनिटांत गोठते. वारा ताशी 40 किलोमीटरच्या वर, 400 मीटरपलीकडचं दिसेनासं, आणि हे सलग चार तास चाललं तर कॅनडाचं हवामान खातं त्याला ब्लिझर्ड म्हणतं. त्यात आभाळ आणि जमीन एकाच रंगाची होतात, माणूस स्वतःच्या अंगणात वाट चुकतो. शरीर 35 अंशांच्या खाली उतरलं की जीभ जड होते, बोटांना बटण लावता येत नाही आणि डोकं चुकीचे निर्णय घ्यायला लागतं. काहींना शेवटी उकडतंय असं वाटतं आणि ते अंगावरचे कपडे काढतात. म्हणून हे सगळं आधीच ठाऊक असावं लागतं. त्या वेळी सुचेल, यावर भरवसा ठेवता येत नाही.

डिंगुचा आठवत असेल. गांधीनगर जिल्ह्यातलं गाव. 19 जानेवारी 2022 ला त्या गावचं एक कुटुंब, आई-बाप, 11 वर्षांची मुलगी आणि 3 वर्षांचा मुलगा, मॅनिटोबातल्या एमर्सनजवळ बर्फात मेलेलं सापडलं. चोरवाटेनं अमेरिकेत शिरायला रात्रीचे पायी निघाले होते. विंड चिल उणे 35. सरहद्द तिथून 12 मीटरवर होती. बारा मीटर म्हणजे ब्लाउज पीससकट दोन साड्या एकापुढे एक अंथरल्या तर होतील तेवढं अंतर. ही मापं रोज माझ्या हाताखालून जातात आणि अजूनही कधीकधी ताका मोजताना मला ते आठवतं.

त्या वेळी आपल्याकडे खूप बोललं गेलं. कुणी त्यांच्या हावेवर बोललं, कुणी एजंटांवर, कुणी कायद्यावर. एजंटांवर बोलायलाच हवं होतं. 2024 च्या नोव्हेंबरात मिनेसोटाच्या ज्युरीनं दोघांना दोषी धरलं आणि 2025 च्या मे महिन्यात एकाला दहा, दुसऱ्याला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. पण त्या रात्री त्या कुटुंबासोबत निघालेल्यांपैकी जे जिवंत हाती लागले, त्यांच्या अंगावर एकसारखे नवे कोट आणि नवे बूट होते, याकडे कितीजणांचं लक्ष गेलं? कोट दिला की थंडीचं काम झालं, असं पाठवणाऱ्यांनी धरलं. सुरतेतला माझा कन्सल्टंट कायद्यानं चालणारा माणूस, त्याची त्या टोळीशी बरोबरी मी करणार नाही. पण जॅकेट घेतलं की झालं, ही समजूत दोन्हीकडे एकच, आणि बाप म्हणून माझीही तीच होती.

सुरतेला पाणी कळायला 2006 लागलं. त्या ऑगस्टमध्ये तापी शहरात घुसली तेव्हा आम्ही अडाजणला तळमजल्यावर भाड्यानं राहत होतो. गच्चीवर दोन रात्री काढल्या. त्यानंतर उकाई धरणातून किती क्युसेक सोडलं, ते पानाच्या गल्ल्यावरही बोललं जाऊ लागलं. आकडा ऐकला की गाडी उंचावर नेऊन लावायची आणि पिण्याचं पाणी भरून ठेवायचं, हे कुणाला सांगावं लागत नाही. जिवावर बेतलं तेव्हा हे शहर शिकलं. आज इथल्या घराघरांतली पोरं बर्फाच्या देशांत आहेत. कॅनडानं 2024 पासून परवाने आवळले तरी जाणारे जातच आहेत. मग विंड चिलचा आकडाही आपल्याला तसाच कळायला हवा.

आखातात मजुरीला जाणाऱ्यांना निघण्यापूर्वी एक दिवसाचं प्रशिक्षण देण्याची सोय परराष्ट्र मंत्रालयानं केलेली आहे. थंड देशांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांनाही असा एक दिवस सक्तीचा करा. त्याची नोंद असल्याशिवाय कन्सल्टंटनं फाइल पुढे सरकवू नये. कॉलेजं तिथं पोचल्यावर माहिती देतात, हे खरं. पण जानेवारीच्या प्रवेशाला जाणारी मुलं सुरतेच्या कपड्यांत ऐन थंडीत विमानतळाच्या दारात उभी राहतात, आणि ती माहिती त्यांना त्यानंतर मिळते. शिकवायचं ते फार नाही. अंगालगत पॉलिएस्टर किंवा लोकर, त्यावर ऊब धरणारा थर, सर्वांत वर वारा अडवणारा. बोटांचे वेगळे कप्पे असलेल्या हातमोज्यापेक्षा चार बोटं एकत्र राहतील असा हातमोजा उबदार. बुटात दोन मोजे कोंबू नयेत, पाय आवळला की रक्त फिरत नाही. फोन आतल्या खिशात. आणि घाम येऊ द्यायचा नाही, पळण्यापेक्षा बस चुकलेली बरी.

समोरच्या घरातला मुलगा या जानेवारीत सस्कॅटूनला निघालाय. परवा रात्री त्याला बोलावून घेतलं. त्याच्या आईनं आणलेल्या सुती बनियनवर आणि माझ्याकडच्या पॉलिएस्टरच्या तुकड्यावर पाण्याचे दोन-दोन थेंब टाकले. सुतावर डाग पसरत गेला आणि बसला. पॉलिएस्टरवरचे थेंब जरा वेळ गोल उभे राहिले, तुकडा झटकला तसे उडाले. त्याच्या आईनं दोन्हींवरून बोट फिरवलं आणि काही न बोलता बनियन पिशवीत परत टाकले.

मग त्याला विचारलं, मित्राच्या गाडीतून जाताना वादळात गाडी रुतली तर काय करशील?

"गाडीतच बसेन, काका. चालत निघणार नाही."

"आणि हीटर लावायचा असेल तर?"

"आधी मागं जाऊन सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढीन."

"का?"

"नाहीतर धूर आत येतो," तो म्हणाला.